पीसीटी: वाळवंट, बर्फ आणि पाण्याचा हिशेब

पायपीट | ९ जानेवारी, रात्री १०:१०

मागच्या महिन्यात दुसऱ्या एका धाग्यावर पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलचा (पीसीटी, अमेरिकेच्या पश्चिम भागातली लांब पल्ल्याची पायवाट) विषय निघाला. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढतेय. तेव्हापासून विपूत (विचारपुशीत) आलेले निम्मे प्रश्न एकाच चालीचे आहेत. वाळवंटाची तयारी कशी करायची आणि बर्फाची कशी? जणू दोन वेगळे पेपर आहेत, एक देऊन झाला की दुसऱ्याचा अभ्यास सुरू. मीही तसंच धरून गेले होते. चालून आल्यावर मात्र माझं ठाम मत झालंय की पीसीटीवर हे दोन विषय नाहीतच. मागचा हिवाळा कसा गेला, यावरच वाळवंटातले झरे किती दिवस वाहणार हे ठरतं, आणि डोंगरातले ओढे ओलांडता येणार की नाही हेही. सुरुवातीला पाणी मिळत नाही म्हणून जीव कासावीस होतो, पुढे पाणी आडवं येतं म्हणून.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. मेक्सिकोच्या सीमेलगतच्या कॅम्पोजवळून ही वाट निघते, कॅलिफोर्निया, ओरेगन, वॉशिंग्टन ओलांडून कॅनडाच्या सीमेवर, मॅनिंग पार्कच्या कडेला पोचते. २६५० मैल, म्हणजे ४२६५ किमी. १९६८ च्या कायद्याने तिला राष्ट्रीय दर्जा मिळाला आणि १९९३ मध्ये ती सलग पूर्ण झाली. दक्षिणेकडून निघालात तर पहिले सातशे मैल रखरखीत. मग केनेडी मेडोज नावाचा छोटासा मुक्काम येतो आणि तिथून सिएरा नेवाडा ही उंच डोंगररांग सुरू होते.

मी निघाले २०१७ च्या एप्रिलमध्ये. त्या हिवाळ्यात सिएरावर प्रचंड बर्फ पडला होता आणि हे मला निघण्याआधी माहीत होतं. माहीत असणं आणि त्याचा अर्थ कळणं यात किती अंतर असतं, ते जूनमध्ये समजलं.

आधी वाळवंट. सिझर्स क्रॉसिंगपासून बॅरल स्प्रिंग्जपर्यंत २४ मैलांत, म्हणजे साधारण ३८ किमीत, भरवशाचा नैसर्गिक पाणवठा नाही. मधे एका फाटकापाशी स्वयंसेवक पाण्याचे कॅन ठेवतात. ते मिळालं तर त्यांचे आभार माना, पण ते मिळेल असं धरून घरून निघू नका. मी सहा लिटर उचललं होतं. सहा लिटर म्हणजे सहा किलो, आणि ते पाठीवर हलतं. चढ सुरू झाला की सॅक एकदा डावीकडे ओढते, एकदा उजवीकडे. आठ किलोमीटरला एक लिटर हा हिशेब बहुतेक जण सांगतात. उन्हात तो पुरत नाही, दीडपट धरा. पहाटे चारला निघायचं, अकरापर्यंत चालायचं, मग सावली शोधून चार वाजेपर्यंत पडून राहायचं. सावली म्हणजे झाड नव्हे हं. एखाद्या खडकाच्या पोटाशी हातभर काळी पट्टी असते. सूर्य सरकतो तसं आपणही सरकायचं.

लोक 'वाळवंट' म्हणतात तेव्हा डोळ्यांपुढे सपाट वाळू येते. पीसीटीवरचं वाळवंट डोंगराळ आहे. सॅन हसिंटो डोंगराच्या अंगावर फुलर रिजला मी मेच्या सुरुवातीला पोचले, तेव्हा उत्तरेच्या उतारावर बर्फाचे टणक पट्टे होते. तिथून वाट खाली सुटते ती सुमारे २४ किमीत २३०० मीटरवरून जवळपास ५०० मीटरवर. सकाळी हातमोजे घालून निघालेली मी संध्याकाळी खाली नळापाशी पोचले तेव्हा ओठ फाटले होते आणि गुडघे लटपटत होते. त्या एका दिवसातच कळायला हवं होतं की बर्फ आणि वाळवंट इथे शेजारी राहतात.

पण खरं कळलं ते पुढे मोहावी वाळवंटाच्या कडेला. तिथे वाट लॉस एंजेलिसच्या जलवाहिनीला धरून जाते. दिवसा तिथे सावलीचा टिपूस नाही, म्हणून सगळे रात्री चालतात. संध्याकाळी काळ्या लोखंडी नळावरून चालायला सुरुवात केली. माझ्या कमरेपेक्षा उंच, रिव्हेट ठोकलेला नळ, आणि वर हात ठेवला तर दिवसभराच्या उन्हाने अजून गरम. खिशात उरलेलं पाणी दीड लिटर. ही जलवाहिनी १९१३ मध्ये सुरू झाली. सिएराच्या पूर्वेकडच्या ओवेन्स खोऱ्यातून ती पाणी आणते, आणि त्या खोऱ्यात पाणी येतं ते सिएरावरच्या वितळलेल्या बर्फाचं. ज्या बर्फात मी महिन्याभराने शिरणार होते, तोच माझ्या पायाखालून शहराकडे चालला होता आणि मला त्यातला एक घोटही घेता येत नव्हता. मी तिथे बराच वेळ नुसती बसून राहिले.

सिएराबद्दल उद्या सावकाशीने लिहिते. तो भाग घाईत लिहायचा नाहीये मला.

रानजाई | ९ जानेवारी, रात्री ११:०२

ताई, किती दिवस वाट बघत होते अशा धाग्याची! मी यंदा निघायचं ठरवतेय. जानेवारीच्या परवानगीच्या फेरीत नंबर लावला आहे. एकच भीती आहे, बर्फावर कधी पाऊल ठेवलेलं नाही. उद्याच्या प्रतिसादाची वाट बघते.

सावकाश | १० जानेवारी, सकाळी ७:३५

वाचतोय. व्हिसाचं कुणी सांगेल का? पाच महिने लागतात म्हणतात, भारतीय पासपोर्टवर जमतं का?

ओंजळ | १० जानेवारी, सकाळी ९:२०

सावकाश, व्हिजिटर व्हिसावर साधारणपणे सहा महिन्यांपर्यंत राहू देतात, पण किती दिवसांचा शिक्का मारायचा हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. म्हणून परतीचं तिकीट, परवानगीपत्र, पैशांची सोय, सगळं हाताशी ठेवायचं. पाच महिन्यांत ४२६५ किमी म्हणजे रोज सरासरी २८ किमी, विश्रांतीचे दिवस धरून. बर्फाने तीन आठवडे खाल्ले की ते गणित लगेच ताणलं जातं. परवानगीचं म्हणाल तर पाचशे मैलांहून जास्त सलग चालणाऱ्यांना पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल असोसिएशनतर्फे एकच परवानगी मिळते, तिला पैसे पडत नाहीत. दक्षिण टोकावरून मार्च ते मे या काळात दिवसाला पन्नास जणांनाच सोडतात. कॅलिफोर्नियात स्टोव्ह पेटवायचा तर आगीचा वेगळा परवाना लागतो, तोही फुकट आणि ऑनलाइन.

ध्रुवतारा | १० जानेवारी, दुपारी १:१५

पायपीट यांच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन, आणि माझा अनुभव नेमका उलट बाजूचा आहे म्हणून लिहितो. मी २०१५ ला चाललो. त्या वर्षी १ एप्रिलला कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत बर्फाच्या रूपात साठलेलं पाणी सरासरीच्या फक्त ५ टक्के होतं. तुलनेला २०२३ घ्या, एप्रिलच्या सुरुवातीला २३७ टक्के. एकच वाट, पण दोन वेगळे प्रवास.

आमच्या वेळी सिएरात काही अडलं नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात फॉरेस्टर खिंड (४००९ मीटर, पीसीटीवरचा सगळ्यात उंच बिंदू) आम्ही जवळजवळ कोरड्या वाटेने चढलो. पण त्याआधीच्या सातशे मैलांत हाल झाले. नकाशावर निळा ठिपका असायचा आणि तिथे पोचलं की चिखलात हरणांच्या खुरांचे ठसे. एका ठिकाणी कातळाच्या फटीतून थेंब थेंब पडत होतं. बाटलीचं तोंड तिथे लावून मी घड्याळ लावलं, लिटर भरायला सदतीस मिनिटं लागली. मागे दोघं रांगेत उभे होते, म्हणून दोनच लिटर घेऊन निघालो.

तेव्हा रानजाई, "यंदा बर्फ कमी आहे" असं ऐकून निर्धास्त होऊ नकोस. बर्फ कमी म्हणजे वाळवंटात पाणी जास्त उचलायचं.

पायपीट | १० जानेवारी, रात्री ९:४५

ध्रुवतारा, सदतीस मिनिटांचा तो लिटर वाचून अंगावर काटा आला. आमच्या वर्षी ते झरे खळाळत होते. मला वाटायचं वाळवंटाचा लोक उगाच बाऊ करतात. त्याची किंमत पुढे मोजली.

सिएरा. केनेडी मेडोजला सामान बदलतं. मायक्रोस्पाइक्स (बुटांना चढवायचे धातूचे काटे), आइस अॅक्स (बर्फात रोवायची हलकी कुदळ), जाड मोजे, आणि अस्वलांपासून अन्न वाचवायचा तो कडक डबा, बेअर कॅनिस्टर. पुढच्या राष्ट्रीय उद्यानांच्या बऱ्याच भागांत तो सक्तीचा आहे. त्यात आठ दिवसांचं खाणं कोंबायचं म्हणजे प्रत्येक पाकिटातली हवा काढावी लागते. आम्ही चौघं होतो. १२ जूनला निघालो.

वाळवंटात रोज तीस किमी चालणारे आम्ही, दहा हजार फुटांच्या वर सलग बर्फ लागल्यावर पंधरा-सोळावर आलो. कारण बर्फ दिवसभरात तीन रूपं घेतो. पहाटे काचेसारखा टणक, स्पाइक्स करकर वाजतात आणि चाल झकास पडते. आठ-नऊला वरचा थर सैल होतो. अकरानंतर पाऊल मांडीपर्यंत आत जातं. खाली खडक असेल तर नडगी सोलून निघते, कारण खडकाभोवतीचा बर्फ आतून आधी वितळलेला असतो आणि वरून काही दिसत नाही. म्हणून रात्री दोनला उठायचं, तीनला चालायला लागायचं, अकराला थांबायचं. वाळवंटाचंच वेळापत्रक! तिथे उन्हापासून पळत होतो, इथेही उन्हापासूनच.

आणि ऊन दोन्हीकडून भाजतं. बर्फावरून परतलेल्या उन्हाने माझ्या नाकपुड्या आतून भाजल्या, टाळू भाजली. नाकाच्या खालच्या बाजूला क्रीम लावायचं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. गडद गॉगल नसेल तर पुढे जाऊच नका. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होऊन माणूस दोन दिवस आंधळा होतो.

आता ओढे. सहाव्या दिवशी दुपारी चारला टिंडल क्रीकला पोचलो. पाणी दिसायच्या आधी ऐकू येतं. पाण्याचा खळखळाट वेगळा आणि त्याखालून येणारा दुसरा आवाज वेगळा. तळातले धोंडे घरंगळत एकमेकांवर आपटतात, तो आवाज कानापेक्षा तळपायाला आधी कळतो. आमच्यातल्या एकाने पोल (चालताना टेकायची काठी) आत खुपसून पाहिला, प्रवाहाने तो हातातून हिसकला जाता जाता वाचला. काठावर पाण्याची रेघ होती तिथे मी एक काडी रोवली आणि आम्ही तंबू लावले. आठ वाजता काडी पाण्याखाली गेली होती. रात्रभर त्या आवाजात झोप आली नाही. पहाटे पाचला टॉर्च घेऊन गेले, काडी कोरडी उभी होती आणि पाणी तिच्यापासून वीतभर खाली.

यात जादू काही नाही. दुपारच्या उन्हात वर बर्फ वितळतो, ते पाणी खाली पोचायला काही तास लागतात, म्हणून संध्याकाळी ओढा फुगतो आणि रात्रीच्या गारठ्याने पहाटे उतरतो. खोरं मोठं असेल तर फुगवटा आणखी उशिरा येतो. हे वाचलेलं होतं. काडी पाहीपर्यंत विश्वास बसला नव्हता.

उजाडल्यावर एकेक करून ओलांडलं. पाणी मांडीपर्यंत. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडून ठेवायचा, पडलो तर सॅक टाकून देता आली पाहिजे. तोंड प्रवाहाकडे, पोल समोर रोवून त्यावर रेलायचं, एका वेळी एकच पाय हलवायचा. बूट काढायचे नाहीत. दोर बांधायचा नाही, माणूस पडला की दोर त्याला पाण्याखाली धरून ठेवतो. आणि सगळ्यात आधी, खाली काय आहे ते चालत जाऊन बघून यायचं. खाली धबधबा किंवा आडवी पडलेली झाडं असतील तर ती जागा सोडून द्यायची, पाणी कितीही उथळ दिसो.

पलीकडे गेलो तेव्हा पायांना संवेदना नव्हती, आणि वर खिंडीखालचा बर्फ त्या दिवशी वेळेत गाठता येणार नव्हता. म्हणून तिथेच वरच्या पठारावर थांबलो. म्हणजे एका ओढ्यापायी एक अख्खा दिवस आणि एका दिवसाचं खाणं गेलं.

फॉरेस्टर आठव्या दिवशी पहाटे चढलो. खिंडीच्या ऐन खाली बर्फाने भरलेली एक उभी घळ आडवी ओलांडावी लागते. आधी गेलेल्यांनी पावलांच्या खाचा पाडलेल्या होत्या. अॅक्सचा दांडा आत, पाऊल, पाऊल, पुन्हा दांडा. पन्नासेक पावलं असतील. मी पूर्ण वेळ फक्त समोरच्या खाचेतल्या निळसर सावलीकडे बघत होते. पलीकडे खडकावर हात टेकला तेव्हा कळलं की दात आवळून धरले होते, जबडा दिवसभर दुखला.

त्या संध्याकाळी बब्ज क्रीकजवळ आम्ही खाणं पसरून मोजलं. पुढे ग्लेन, पिंचॉट, मेदर या खिंडी, आणि मधे किंग्ज नदीचा दक्षिण फाटा, जिथे वाटेवर पूल नाही. आमच्या चालीने आणखी खूप दिवस लागले असते. चौघांपैकी दोघांना पुढे जायचं होतं. शेवटी चौघंही कियरसार्ज खिंडीतून बाहेर पडलो. मी उत्तर कॅलिफोर्नियात जाऊन तिथून चालायला लागले आणि सप्टेंबरात सिएरात परत आले.

चकवा | ११ जानेवारी, सकाळी ८:०५

अप्रतिम लिहिलंय. पण एक मुद्दा प्रामाणिकपणे मांडतो. सलग पावलं हीच या वाटेची गंमत आहे ना? मधला तुकडा सोडून नंतर जोडला तर सीमेपासून सीमेपर्यंत चाललो असं म्हणता येईल का? माझे काही मित्र त्याच वर्षी जूनमध्ये सिएरातून पार गेले. तयारी असेल तर जाता येतं.

पायपीट | ११ जानेवारी, दुपारी १२:३०

चकवा, पार गेलेले होते, मलाही भेटले. त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण त्याच उन्हाळ्यात सिएराच्या ओढ्यांत पीसीटीवरच्या दोन मुली बुडून गेल्या. दोघीही अननुभवी नव्हत्या. ती बातमी मला उत्तरेत एका पोस्ट ऑफिसच्या पायरीवर कळली. माझ्या हातात तेव्हा पुढच्या टप्प्याच्या खाण्याचं खोकं होतं. ते तसंच मांडीवर घेऊन बसले.

सलग पावलांची ओढ मला कळते. वाळवंटात मीही एकेक मैल जपला होता. एकदा वस्तीतून परतताना गाडीने शंभर पावलं पुढे सोडलं तर मागे जाऊन तेवढी चालून आले. पण ओढा पाहताना ती ओढ मनात असली की पाण्याची खोली नेहमी कमी वाटते. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी अनुभवलंय. टिंडलला दुपारी चारला माझ्याच तोंडून "जमेल" असं निघालं होतं.

ध्रुवतारा | ११ जानेवारी, दुपारी २:५०

यात मी पायपीट यांच्या बाजूने. आणखी एक. आइस अॅक्स पाठीला लावून फिरणारे पुष्कळ दिसतात, घसरल्यावर तिने स्वतःला थांबवता येणारे फार थोडे. निघण्याआधी एखाद्या सुरक्षित उतारावर, खाली सपाट मैदान आहे अशा ठिकाणी, मुद्दाम घसरून सराव करा. पाठीवर, पोटावर, डोकं खाली करून. पन्नास वेळा. आणि सिएराचीच वाट बघू नका. दक्षिणेतल्या सॅन हसिंटोच्या भागात, जिथे सगळे 'वाळवंट' समजून हलकं सामान घेऊन जातात, तिथे २०२० च्या मार्चमध्ये बर्फावरून घसरून एकाचा जीव गेला आहे. मार्चमध्ये निघणाऱ्यांनी स्पाइक्स पहिल्या दिवसापासून जवळ ठेवावेत.

चकवा | ११ जानेवारी, संध्याकाळी ६:२०

पटलं. 'जमेल' या शब्दाबद्दल जे लिहिलंत ते विशेष पटलं. माझ्या डोक्यात मित्रांचे फोटो होते, त्यातही ओढे सगळे सकाळचेच होते हे आता लक्षात येतंय.

आजोळ | १२ जानेवारी, सकाळी १०:४०

मी अठ्ठावन्न वर्षांची आहे, मुलीकडे आले की महिनाभर असते. पूर्ण वाट काही होणार नाही. पण पहिला थोडा भाग तरी चालावासा वाटतोय. कुठून कुठपर्यंत जाऊ?

पायपीट | १२ जानेवारी, रात्री ८:१५

आजोळकाकू, कॅम्पो ते वॉर्नर स्प्रिंग्ज करा. साधारण ११० मैल, १७६ किमी. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात गेलात तर डोंगरउतारांवर फुलं असतात आणि ऊन सोसवेल असं. मधे माउंट लगुनाला पाइनच्या सावलीत दोन दिवस थांबा, तिथे रात्री गारठा चांगलाच असतो. वॉर्नर स्प्रिंग्जच्या थोडं अलीकडे मोकळ्या कुरणात ईगल रॉक नावाचा खडक आहे, पंख पसरलेल्या गरुडासारखा. मी तिथे पोचले तेव्हा संध्याकाळ होती, गवत वाऱ्याने एका बाजूला झुकलेलं. तुम्ही नक्की बघा. दिवसाला बारा-तेरा किमीच धरा आणि पाणी मात्र तरुणांपेक्षा जास्त घ्या, कारण वेग कमी म्हणजे दोन पाणवठ्यांमधला वेळ जास्त. नुसतं पाणी ढोसू नका, मीठ-साखरही पोटात गेली पाहिजे. परवानगी पाचशे मैलांच्या आतली असल्याने वेगळी, त्या त्या जंगलखात्याची, ती मुलीला आधी विचारून ठेवायला सांगा.

आजोळ | १२ जानेवारी, रात्री ९:००

ईगल रॉकचा फोटो आत्ताच पाहिला. जाणारच.

सावकाश | १३ जानेवारी, सकाळी ७:१०

पायपीट, सप्टेंबरात परत गेलात तेव्हा तोच भाग कसा दिसला? ते राहिलंय लिहायचं.

पायपीट | १३ जानेवारी, रात्री १०:३०

हो, ते लिहायलाच हवं.

त्याआधी मधले दोन महिने. उत्तर कॅलिफोर्नियात जुलैमध्ये हॅट क्रीक रिमवर परत पाच लिटर पाठीवर आलं. लाव्हाचा पठारी कडा, तीसेक मैल पाण्याचा पत्ता नाही, आणि मी नुकती बर्फातून आलेली. शरीर गोंधळून गेलं होतं. तिथे ध्यानात आलं की वाळवंट संपलं असं मानायची सोय या वाटेवर नाही. पुढे ओरेगनमधून वणव्यांच्या धुरात चालले. धूर वाढला, वॉशिंग्टन लांब होतं आणि सप्टेंबर उजाडत होता. सिएराला परत जायचं की कॅनडाकडे, एकच निवडता येत होतं. मी सिएरा निवडली. वॉशिंग्टन माझं आजही राहिलेलं आहे.

कियरसार्जवरून आत शिरले आणि वाट ओळखू आली नाही. वाट होती, हाच फरक. दगडात बांधलेल्या पायऱ्या, वळणं, सगळं जूनमध्ये दीड-दोन पुरुष खाली गाडलेलं होतं. ग्लेन, पिंचॉट, मग किंग्ज नदीचा दक्षिण फाटा. आम्ही ज्याच्या भीतीने बाहेर पडलो तो हाच. पोटरीभर पाणी. तळातले गोटे मोजता येतील इतकं नितळ, आणि एका गोट्याला चिकटून अळ्यांची बारीक घरकुलं. मी बूट न काढता मधोमध जाऊन उभी राहिले. दोन्ही काठांवर, माझ्या खांद्याच्या उंचीला, झुडपांच्या फांद्यांत वाळकं गवत आणि काटक्या अडकलेल्या होत्या. जूनमध्ये पाणी तिथपर्यंत होतं. मी हात वर करून त्या काटक्यांना लावून पाहिला.

पुढे मेदर ओलांडल्यावर म्यूर खिंडीत ती १९३० ची दगडी झोपडी लागली. आत बसून खाल्लं. जूनमधल्या त्या तिघांची फार आठवण आली.

ओंजळ | १४ जानेवारी, सकाळी ८:५०

खांद्याच्या उंचीच्या त्या काटक्या डोळ्यांसमोरून जात नाहीत.

रानजाई | १६ जानेवारी, संध्याकाळी ७:४०

परवानगी मिळाली!! २ मे. मी मुद्दाम उशिराची घेतली, म्हणजे केनेडी मेडोजला जूनच्या उत्तरार्धात पोचेन. ताई, हे बरोबर आहे ना? आणि बुटांचं आणि पाण्याच्या फिल्टरचं सांगा. वाळवंटासाठी एक आणि बर्फासाठी वेगळं असं काही?

पायपीट | १६ जानेवारी, रात्री ९:५५

मनापासून अभिनंदन गं! २ मे चालेल. त्यात एक सोसावं लागेल, मेअखेर वाळवंटात ऊन कडक झालेलं असेल आणि लहान झरे आटायला लागलेले असतील. म्हणजे बर्फाचा त्रास वाचवायला तू वाळवंटातला थोडा जास्त घेतलास. माझ्या मते हा सौदा चांगला आहे, फक्त डोळे उघडे ठेवून कर. वाळवंटात अंतर कापायची घाई करू नकोस. लवकर पोचून केनेडी मेडोजला ताटकळणं खर्चिक पडतं आणि तिथे बसून बसून माणसं एकमेकांना भरीस घालतात.

बूट. साधे ट्रेल रनर (डोंगरवाटेवर पळायचे हलके बूट), नेहमीपेक्षा एक माप मोठे, कारण उष्णतेने पाय सुजतात. माझी पहिली जोडी लहान होती, दोन नखं गेली. बर्फातही तेच चालतात, ओले होतात पण लवकर वाळतात. फक्त रात्री झोपताना नाड्या पूर्ण सैल करून जीभ बाहेर ओढून ठेव. नाही तर पहाटे दोनला ते लाकडासारखे गोठलेले असतात आणि पाय आत जात नाही. मी स्टोव्हवर भांडं तापवून ते बुटात ठेवलंय, इतकी वेळ आली होती.

फिल्टर एकच, पण पहिल्या थंड रात्रीपासून तो स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपायचा. आतल्या बारीक नळ्यांत पाणी राहतं, ते गोठलं की नळ्या तडकतात. बाहेरून काही दिसत नाही, पाणीही नेहमीसारखंच येतं, आणि गाळलं काहीच जात नाही. वाळवंटातही डोंगरमाथ्यावर रात्री शून्याखाली जातं, तेव्हा कॅम्पोपासूनच सवय लाव.

ध्रुवतारा | १६ जानेवारी, रात्री १०:२०

सॅटेलाइट मेसेंजर (उपग्रहावरून निरोप धाडणारं छोटं यंत्र) घेच, रानजाई. आणि घरच्यांना आधीच सांगून ठेव की एखाद्या दिवशी निरोप आला नाही तर घाबरायचं नाही, घळीत सिग्नल उशिरा जातो. माझ्या आईचे दोन दिवस फार वाईट गेले होते.

रानजाई | १६ जानेवारी, रात्री १०:५०

सगळं वहीत उतरवून घेतलंय. आईला हा धागाच वाचायला देणार होते, आता टिंडलचा भाग सोडून देईन म्हणते.

पायपीट | १६ जानेवारी, रात्री ११:०५

सगळा दे. काडीचा भाग तर नक्की दे, तू पहाटेपर्यंत थांबणार आहेस हे तिला कळू दे. आणि १ एप्रिलचा बर्फाचा आकडा जाहीर झाला की इथे टाक. पाणी किती उचलायचं आणि सिएरात कधी शिरायचं, ते तेव्हा परत बसून ठरवू.